भागीचा पैसा

माघ सरत आला होता आणि मोठेबाबांच्या छपरीत फरदडीचा, म्हणजे शेवटच्या वेच्यांचा, कापूस अजून तसाच पडून होता, भाव चढेल या आशेवर. साठवलेल्या कापसाला सरकीचा एक कोमट, तेलकट वास असतो. त्या वासात बसून आम्ही हुळा खात होतो, सगळ्यांची बोटं काळी झाली होती. तेवढ्यात चुलतभावाचा मुलगा आला. आयटीआय केलेला, दिवसा तालुक्याच्या दुकानात मोबाइल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार सुरू करायची पेटी, दुरुस्त करणारा, रात्री ओलिताला जाणारा. त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक सर्किट काढलं आणि खाटेवर ठेवलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरटे कापून नेतात, आणि नेतात ते लाइन नसतानाच. हे सर्किट लाइन नसली की आपल्या बॅटरीतून केबलीत जरासा प्रवाह सोडतं. तो मोटारीच्या वाइंडिंगमधून फिरून परत येतो. केबल तुटली की प्रवाह परत येत नाही, आणि आतलं सिमकार्ड शेतकऱ्याला फोन लावतं. त्यानं स्वतःच्या विहिरीवर लावून पाहिलं होतं. आता पन्नास नग करायचे होते आणि त्याला पैसे हवे होते.

मोठेबाबांनी सर्किट उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, ‘‘व्याज काय देशीन?’’

‘‘व्याज नाही जी आबाजी. भागी घ्या. कमाई झाली त अर्धी तुमची. बुडालं त दोघायचं बुडालं.’’

‘‘दोघायचं कसं बे? तुयी मेहनत बुडन, माया पैसा बुडन. मेहनत उद्या अखीन येते. पैसा कुठून येईन?’’

मोठेबाबा रागावले नव्हते. हुळ्याचा एक घाटा सोलून त्यांनी पोराच्या हातावर ठेवला, सर्किट पुन्हा रुमालात बांधायला लावलं आणि विषय पाऊसपाण्यावर नेला. पोरगंही हसून गप्प झालं. मला मात्र ते बोलणं पुढं कितीतरी दिवस सोडीना. पोराचं बरोबर होतं. मोठेबाबांचंही बरोबर होतं. दोघांचं एकाच वेळी बरोबर कसं असू शकतं, हेच मला उलगडत नव्हतं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. बारावीच्या पुस्तकात शेवटाकडे अर्धवाहकांचा धडा येतो, आणि तो शिकवताना १९४७ सालचा ट्रान्झिस्टर, बार्डीन, ब्रॅटन, शॉक्ली, १९५६ चं नोबेल एवढं सांगून आपण डायोडच्या आकृतीकडे वळतो. त्या वर्षी वळवेना. शॉक्लीच्या हाताखाली काम करणारा एक माणूस डोक्यात फिरायला लागला, ज्याचं नाव पुस्तकात नाही आणि असायचं कारणही नाही, कारण त्यानं कुठलाही नियम शोधला नाही. यूजीन क्लायनर. अर्धवाहकांचा अभियंता म्हणून त्यानं नाव काढलं आणि नंतर दुसऱ्यांच्या कल्पनांवर पैसा लावणारा झाला. आमच्या छपरीत जो प्रश्न अडला होता, तो या माणसाच्या आयुष्यात दोन्ही बाजूंनी येऊन गेला होता. आधी मागणारा म्हणून, मग देणारा म्हणून.

क्लायनर १९२३ साली व्हिएन्नात जन्मला. बापाचा बुटांचा कारखाना होता. १९३८ मध्ये नाझी आले आणि या ज्यू कुटुंबाला घरदार, कारखाना सगळं टाकून पळावं लागलं. पुढं ते न्यूयॉर्कला पोचले. पोरगा यंत्रशाळेतलं काम शिकला, लष्करात गेला, मग ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत लागला. तिथून १९५६ मध्ये शॉक्लीनं त्याला कॅलिफोर्नियात, माउंटन व्ह्यूला बोलावून घेतलं. आज जिला सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती तेव्हा जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बागांची खोरी होती, शेतीचा मुलूख. मला हे नेहमी मुलांना सांगावंसं वाटतं, कारण आमच्या मुलांच्या मनात पक्कं बसलंय की असल्या गोष्टी शेताशिवारात उगवत नसतात.

शॉक्ली बुद्धीनं अचाट आणि वागायला अशक्य माणूस होता. सहकाऱ्यांवर त्याचा भरवसा नव्हता. एका क्षुल्लक अपघाताच्या निमित्तानं लोकांची खोटं पकडणाऱ्या यंत्रावर तपासणी करा म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली होती. तरुण मंडळी विटली. सोडायचं ठरलं, पण एकमेकांना सोडून जायचं नव्हतं. तेव्हा क्लायनरनं एक पत्र लिहिलं. न्यूयॉर्कच्या हेडन स्टोन नावाच्या दलाली पेढीत त्याच्या बापाचं खातं होतं, तिथं. पत्रात भांडवल मागितलेलं नव्हतं. आमच्या गटाला एकत्र नोकरीवर घेईल अशी एखादी कंपनी तुमच्या माहितीत आहे का, एवढीच विचारणा होती. ते पत्र आर्थर रॉक या तिशीतल्या तरुणाच्या हाती पडलं. तो आणि त्याचा वरिष्ठ विमानानं आले, भेटले आणि म्हणाले की नोकरी कशाला शोधता, स्वतःची कंपनीच काढा. करारनाम्याचे कागद तयार नव्हते, म्हणून एक-एक डॉलरच्या दहा नोटांवर सगळ्यांनी सह्या केल्या; आठ हे आणि दोन ते. मग रॉक तिसाहून जास्त कंपन्यांची दारं फिरला. सगळीकडून नकार. शेवटी शर्मन फेअरचाइल्ड या धनिकाच्या कंपनीनं सुमारे १४ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि तिला हे नवं काम ३० लाखांत विकत घ्यायची मुभा राहिली. आठ जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले. १९५७ च्या पावसाळ्याअखेरीस, म्हणजे आमच्याकडे पऱ्हाटीला, कापसाच्या झाडाला, बोंडं धरतात त्या दिवसांत, फेअरचाइल्ड सेमिकंडक्टर सुरू झाली.

या गोष्टीत लोक सह्यांच्या नोटा सांगतात, नकार सांगतात. मला मात्र त्या पत्राच्या लिफाफ्यावरचा पत्ता दिसत राहतो. देशोधडीला लागलेलं कुटुंब, परका मुलूख, परकी भाषा, पण त्या बापाकडे निदान एक पत्ता होता.

नव्या कंपनीत क्लायनरनं काय केलं, तर यंत्रं केली. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळतं; त्या रसात स्फटिकाचं एवढंसं बीज बुडवून, फिरवत फिरवत, हळूहळू वर ओढून अखंड स्फटिकाचा दांडा काढावा लागतो. त्यासाठी लागणारी उपकरणं तेव्हा बाजारात तयार मिळत नव्हती. क्लायनर आणि ज्यूलियस ब्लँक यांनी यंत्रशाळा उभी केली, भट्ट्या, ओढणी-यंत्रं, कामाची बाकं हाताशी आणून दिली. बाकीचे विद्वान ज्यावर प्रयोग करत होते ते सगळं यांनी घडवलेलं. आयबीएमची पहिली मागणी १०० ट्रान्झिस्टरांची आली, दीडशे डॉलरला एक. दोनेक वर्षांत फेअरचाइल्डनं आपला हक्क बजावून कंपनी घेऊन टाकली आणि आठांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला अडीच लाख डॉलरच्या आसपास रक्कम आली. निर्वासित पोराच्या हातात अशी रक्कम. त्यानं शिकवणी-यंत्रांची एक कंपनी काढली, ती विकली. १९६८ मध्ये जुने सोबती नॉइस आणि मूर यांनी इंटेल काढली तेव्हा तिच्यात स्वतःचा पैसा घातला. आणि १९७२ मध्ये टॉम पर्किन्स या दुसऱ्या अभियंत्याबरोबर मेन्लो पार्कला सँड हिल रोडवर पेढी उघडली. गाठीशी सुमारे ८० लाख डॉलर. निम्मा पैसा पिट्सबर्गच्या हेन्री हिलमनचा.

१९७२ हे साल आमच्याकडे दोन गोष्टींसाठी बोललं जातं. एक दुष्काळ, दुसरी कापूस एकाधिकार खरेदी. कापूस सरकारच घेणार, भाव आधी ठरणार, व्यापाऱ्याच्या दारात जायची गरज नाही. माझ्या लहानपणी योजना जुनी झाली होती, तरी खरेदी केंद्राबाहेर लागलेल्या बंड्यांची रांग मला आठवते. बाबांबरोबर एक रात्र मी बंडीतल्या कापसावरच झोपले होते, आणि पहाटे उठले तेव्हा केसांत, नाकात, पापण्यांवर कापूस होता. ग्रेडर हात घालून कापूस ओढायचा आणि बाबा त्याच्या तोंडाकडे पाहत राहायचे. मग चुकाऱ्याची, म्हणजे कापसाच्या पैशाची, वाट. कधी थोडा आता, थोडा नंतर. चुकारा आला की आई दिवाळीचं सामान लिहायची, मग दिवाळी होऊन गेलेली का असेना. त्या योजनेला मी वाईट म्हणणार नाही. भावाचा आधार काय असतो हे ती मोडल्यावर आम्हाला कळलं. पण तो पैसा पिकल्यावर यायचा. पेरायच्या आधी, अजून काहीच नसताना, ‘चल, मी तुझ्याबरोबर आहे’ म्हणणारा पैसा आमच्या गावात कुठून यायचा? कृषी केंद्राच्या उधारीतून, सावकाराच्या वहीतून, सोसायटीतून. आणि या तिघांनाही पाऊस आला काय, न आला काय, आपली रक्कम ठरल्या दिवशी परत हवी असते.

एक अपवाद होता, तो म्हणजे बटई. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, खर्च ठरेल तसा, पीक निम्मं-निम्मं. बटईत पिळवणूक नव्हती असं कोणी म्हणू नये. जमीनवाल्याचं माप नेहमीच जड पडायचं. पण एक गोष्ट तिच्यात होती. पीक गेलं तर जमीनवाल्याचंही गेलं. म्हणून तो बांधावर यायचा, डवरण झालं का विचारायचा, रोही आणि डुकरं येतात म्हटल्यावर जागलीला आपला गडी पाठवायचा. आता आमच्या शिवारात बहुतेक वावरं मक्त्यानं जातात. गुढीपाडव्याला एकरकमी रोकड मोजून घ्यायची की मालक सुटला. पुढं गारपीट होवो की बोंडअळी येवो, ती मक्तेदाराची. मालक यवतमाळात किंवा नागपुरात राहतो, त्याला आपल्या वावरात यंदा काय पेरलंय हेही ठाऊक नसतं. पोरगं ‘भागी घ्या’ म्हणालं तेव्हा ते कुठल्या परदेशी पेढीचं बोलणं बोलत नव्हतं. पणजोबांच्या काळची रीत विहिरीवरच्या सर्किटाला लावत होतं.

क्लायनरच्या पेढीची रीत हीच. व्याज नाही, हप्ता नाही, घर गहाण नाही. पैसा द्यायचा, कंपनीत हिस्सा घ्यायचा, संचालक मंडळात बसायचं, बुडालं तर सोडून द्यायचं. आणि बुडायचं. मोटरसायकलला बर्फावर चालवायचं जोडकाम तयार करणाऱ्या कंपनीत त्यांनी पैसा घातला, तो गेला. टेनिसच्या झिजलेल्या बुटांना नवे तळवे लावणाऱ्या कंपनीत घातला, तोही गेला. बुटांच्या कारखानदाराच्या पोराला तो बेत पटला असेल, याचं मला नवल वाटत नाही. मग १९७६ मध्ये बॉब स्वॉन्सन नावाचा तरुण आला, आधी याच पेढीत नोकरी करून गेलेला. त्यानं आणि हर्बर्ट बॉयर या शास्त्रज्ञानं जीवाणूत माणसाचं जनुक घालून औषध बनवायचं मनात धरलं होतं. प्रयोगशाळा नाही, माल नाही. पेढीनं एक लाख डॉलर दिले. ती जेनेन्टेक.

दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेण्यात त्यांना यश आलं आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. तोवर इन्सुलिन गाईडुकरांच्या स्वादुपिंडातून काढत. माझी आई रोज सकाळी पोटाच्या कातडीची चिमट धरून त्याच रीतीनं बनलेलं इन्सुलिन टोचून घेते. आमच्याकडे वैशाखात पारा ४५ च्या पुढं जातो आणि लाइनीचा भरवसा नसतो, म्हणून फ्रिज असूनही तिनं मडक्यात मडकं ठेवून, मधे ओली रेती भरून कुपीची सोय केली आहे. रेती वाळली की ती तांब्यानं पाणी शिंपते, तुळशीला घालावं तितक्या नेमानं. एका अभियंत्यानं जोखीम पत्करून दिलेल्या पैशाचा एक धागा आईच्या मडक्यापर्यंत येतो, हे ध्यानात आलं त्या दिवशी मी तिच्याजवळ उगाच बराच वेळ बसून होते.

पण दुसराही धागा येतो, आणि तो मोठेबाबांच्या वावरात येतो. एका जीवाचं जनुक दुसऱ्यात घालायची विद्या वाढत वाढत कापसापर्यंत आली. मातीतल्या जीवाणूचं जनुक असलेलं बीटी बियाणं २००२ मध्ये देशात मंजूर झालं. सुरुवातीची वर्षं बोंडअळी हटली, फवारे कमी झाले, कापूस घरात मावेना. मग बियाण्याची थैली दरवर्षी विकत, खत जास्त, खर्च जास्त, आणि अळी पुन्हा. २०१७ ची गुलाबी बोंडअळी मोठेबाबांनी डोळ्यांनी पाहिली. वरून हिरवंगार, टपोरं बोंड. फोडलं की आत किडलेली सरकी आणि गुलाबी अळी. त्यांनी उभ्या पऱ्हाटीत रोटाव्हेटर फिरवला. वेचणीच्या आधी सीतादही करून दहीभाताचा नैवेद्य दाखवलेलं ते वावर. त्या सालानंतर दोन एकर गेले ते परत आले नाहीत.

एवढं सगळं मनात फिरल्यावर मोठेबाबांचं वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं. क्लायनरची पेढी धाडसी होती यात शंका नाही, पण तिच्याकडे अनेक डाव होते. दोन-चार बुडाले तरी एक जेनेन्टेक सगळ्यांचं भरून काढत होती. १९८० मध्ये तिचा शेअर ३५ डॉलरला विक्रीला निघाला आणि पहिल्याच दिवशी तासाभरात ८० च्या वर गेला. शिवाय पैसा बराचसा हिलमनसारख्यांचा, ज्यांच्या जेवणात त्यानं फरक पडत नव्हता. मोठेबाबांकडे एकच डाव असतो. दरवर्षी मृगात ते असलं-नसलं सगळं मातीत टाकतात, विम्याचा भरवसा नाही, भावाचा भरवसा नाही. अशा माणसाला आणखी एक जोखीम घे म्हणणं आणि न घेतल्यास त्याला भित्रा ठरवणं हा अन्याय आहे. जिल्ह्याच्या गावी उद्योजकतेची शिबिरं होतात, तिथं कोट घातलेले पाहुणे आमच्या पोरांना ‘जोखीम घ्या’ सांगतात. या पोरांच्या बापांनी आयुष्यभर जोखमीशिवाय दुसरं काय घेतलंय? कमी पडते ती जोखीम वाटून घेणारी सोबत.

आणि ती सोबत सँड हिल रोडच्या रीतीनं येईल असंही मला वाटत नाही. त्या पैशाला शंभर पट वाढणारं झाड लागतं. तीन तालुक्यांत चालेल, दोन घरं नीट जगवेल, वर्षाकाठी पाचशे नग खपतील, असं काम त्याच्या नजरेत भरत नाही. अलीकडे तर हे पैसे लावणारे आकड्यांचे तक्ते वाचणारेच जास्त, भट्टीजवळ उभे राहिलेले थोडे. क्लायनरचं मला अप्रूप वाटतं ते इथं. समोरच्याचं यंत्र त्याला कळत होतं आणि मागणाऱ्याच्या बाजूला बसणं काय असतं हे त्यानं एकदा अनुभवलं होतं. २००३ मध्ये तो ८० वर्षांचा होऊन गेला. आमच्याकडे ज्यांना काम कळतं त्यांच्याकडे पैसा नाही, आणि पैसेवाल्यांना काम बघायला सवड नाही.

वर्गात मी हे सगळं सांगितलं, डायोड दोन दिवस लांबला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘‘मॅडम, तो पत्ता नसता त?’’ मला उत्तर आलं नाही. पण त्याच रविवारी भावाच्या पोराला मी घरी बोलावलं आणि आम्ही दोघांनी पत्ते आठवायला घेतले. तालुक्याची शेतकरी उत्पादक कंपनी. केबल चोरीला गेलेले शिवारातले पाच-सहा जण, ज्यांना हा नग आजच हवा आहे आणि जे आगाऊ थोडे थोडे देऊ शकतात. थोडे माझे, मास्तरणीचा पगार पावसावर अवलंबून नसतो, तेव्हा पहिला तोटा मीच सोसायला हवा हे मला पटलं होतं. आणि पोराच्या तोंडून आलेलं एक नाव, विजेच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक लाइनमन काका, ज्यांनी चाळीस गावांच्या डीप्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दुरुस्त केल्या आणि आता घरी वाइंडिंग करतात.

काकांकडे आम्ही दोघं गेलो. अंगणात जळक्या वार्निशाचा वास, तांब्याच्या तारेची गुंडाळी, अर्धी उघडलेली साडेसातची मोटार. मी हिशेबाचा कागद काढला, तो त्यांनी बाजूला सारला आणि सर्किट मागितलं. चष्मा कपाळावर नेऊन, डोळ्यांशी धरून पाहिलं. मग पोराला विचारलं, ‘‘बाप्पा, लाइन आली न् ऑटो लागला, त चारशे चाळीस यायच्या आंधी तुया बोर्ड केबलीतून सुटते काय?’’ पोरगं म्हणालं, रिले आहे, आपोआप जोडणारी-तोडणारी कळ. ‘‘रिले चिपकला त?’’ पोरगं गप्प. ‘‘पावसाळ्यात पेटीत दमट येते, झुरळं घुसतात, चिकटे होतात. रिले चिपकतेच. दोन टाक, एकामागं एक. न् मधात फ्यूज दे.’’ मग त्यांनी स्वतःच्या फळीवरून एक जुना रिले काढून दिला, पोरानं बोर्ड मांडीवर घेतला आणि दोघं बसले, काकूंनी दोनदा चहा आणला तरी उठले नाहीत. निघताना मी पैशांची गोष्ट काढली तर काका म्हणाले, आधी या बोर्डाला रोहिणी, मृग, आर्द्रा माझ्या विहिरीवर भिजू द्या, मग पोळ्यानंतर बसू, आणि येताना मोठेबाबांनाही घेऊन या.